तुऱ्हाट्या, सरकी आणि बंदुकीचा बार

मार्गशीर्षात वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही वावरात रात्री जा. एका पट्ट्यात तूर शेंगांवर आलेली असते, शेजारी वेचणीला आलेली कपाशी, पलीकडे हरभरा. आणि धुऱ्यावर कुणीतरी जागलीला बसलेलं असतं. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड, तालुका कुठलाही असो, गाऱ्हाणं एकच ऐकू येतं: रोही उतरले, डुकरं आली. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप हरभऱ्यात शिरला की खाण्यापेक्षा तुडवण्यातच जास्त जातं. बुजगावणी झाली, डफडी झाली, फटाके झाले, झटका मशीनचं कुंपण झालं. आणि एखाद्या घरी, खुंटीला, आज्याच्या काळातली एक परवान्याची बंदूकही असते. ठासणीची. काही भागांत तिला भरमार म्हणतात.

मला या बंदुकीनं कायम चकित केलेलं आहे, आणि ते तिच्या आवाजामुळे नव्हे. तिला तयार काडतूस लागत नाही. तिचा प्रत्येक बार माणसाच्या हातानं, नळीच्या तोंडातून, थरावर थर देऊन भरावा लागतो. आणि त्या थरांत काय असतं ते शोधत गेलं की आपण फिरून फिरून वावरातच येतो. रोही ज्या तुरीवर आणि कपाशीवर तुटून पडतो, त्याच पिकांचा कोळसा आणि त्याच पिकांची लव माणसानं बंदुकीच्या नळीत घातलेली आहे. अतिशयोक्ती वाटते? मग एकेक थर उलगडून पाहू.

आधी कायद्याचं दोन ओळींत सांगून टाकतो, कारण तेही कमी नवलाचं नाही. देशाचा 1959 चा शस्त्र कायदा उघडला तर कलम 13 मध्ये चक्क शेत भेटतं. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, असा वेगळा उल्लेख तिथं आहे. जग काडतुसांच्या रायफलींवर गेल्याला तेव्हा पाऊणशेहून जास्त वर्षं झाली होती, तरी दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांना धुऱ्यावरचा माणूस आठवला. शिकार मात्र वेगळी गोष्ट. 1972 चा वन्यजीव कायदा आणि त्यातली 1991 ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार पूर्ण थांबवली. रोही किंवा रानडुक्कर पिकं उद्ध्वस्त करत असेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीची वाट आहे. पण कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातला काळवीट पहिल्या अनुसूचीतला, वाघाच्या पंगतीतला. त्याच्यावर बंदूक उगारायची नाही.

आता नळीत भरायच्या काळ्या दारूकडे वळू. तिच्यात तीनच पदार्थ असतात: सोरा, कोळसा आणि गंधक. पण बंद नळीच्या आत ती पेटते कशी? तिथं हवा जवळजवळ नसतेच. चुलीचा धूर कोंडला की चूल विझते, कंदिलाची काच वरून झाकली की ज्योत मरते. मग शिशाच्या छऱ्यांनी आणि चिंधीच्या बोळ्यानं बूच मारलेल्या नळीत आगीला श्वास कुठून मिळतो?

सोऱ्यातून! सोऱ्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू बांधलेले असतात. घरून निघताना शिदोरी घेऊन निघावं तशी ही आग आपला प्राणवायू सोबत घेऊनच नळीत उतरते. बाहेरच्या हवेचं तिला देणंघेणं नाही. ऑक्सिजनला नाव देणारा आणि जळणं म्हणजे काय हे जगाला समजावणारा लाव्हॉझिए 1775 पासून फ्रान्सच्या सरकारी दारूखात्याच्या चार कारभाऱ्यांपैकी एक होता, हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. ज्याच्या हाताखाली सोऱ्याची पोती मोजली जात होती, त्यालाच आगीचं कोडं सुटावं!

पण सोरा येतो कुठून? गोठ्यातून. जुन्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीला खालच्या अंगानं पांढरा लोणा फुटलेला तुम्ही पाहिला असेल. जनावरांचं मूत आणि शेण मातीत मुरतं, त्यातून अमोनिया सुटतो, आणि मग मातीतले जिवाणू कामाला लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पुढे पाऊस थांबून ऊन पडलं की ते मातीच्या अंगावर पांढरं होऊन उमलतं. हे काम जिवंत प्राण्यांचं आहे, हे 1877 मध्ये श्लोजिंग आणि म्यून्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं. 1890 च्या सुमारास विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञानं ते जिवाणू वेगळे करून दाखवले. त्याआधी शेकडो वर्षं बिहारमधले नोनिया ती माती खरवडत होते, पाण्यात विरघळवत होते, गाळून उकळत होते आणि सोऱ्याचे स्फटिक काढत होते. तो सोरा जहाजं भरभरून युरोपात जायचा. युरोपातल्या कितीतरी लढायांच्या तोफांत भारतातल्या गाईबैलांचं मूत धडाडलेलं आहे, आणि हे शब्दशः खरं आहे.

दुसरा पदार्थ कोळसा. इथं कुणालाही वाटेल, कोळसा तो कोळसा, त्यात काय पाहायचं? पण दारू करणाऱ्यांना बाभळीचा टणक, जड कोळसा नको असायचा. त्यांना हलका, सच्छिद्र, चिमटीत कुस्करणारा कोळसा हवा असायचा, म्हणजे सोऱ्याचे कण त्याच्या अगदी पोटात जाऊन बसतील. युरोपात त्यासाठी विलो आणि आल्डरचं लाकूड जाळत. आणि आपल्याकडे? तुऱ्हाट्या! तूर झोडून झाल्यावर धुऱ्यावर पडून राहतात त्या वाळक्या काड्या. चुलीत भुरकन पेटतात, टोपल्या विणायला आणि कुडाच्या भिंतीला लागतात, त्यांचा कोळसा बंदुकीच्या दारूसाठी उत्तम, अशा नोंदी इंग्रजांच्या काळातल्या वनस्पतींच्या ग्रंथांत सापडतात. म्हणजे रोह्यानं शेंगा खाल्ल्या तरी तुऱ्हाट्या शेतकऱ्याकडेच राहत होत्या.

तीन पदार्थ नुसते कालवून मात्र भागत नाही. बारीक भुकटी एकमेकींना चिकटून बसते, ज्योतीला आत शिरायला वाट राहत नाही आणि बार फुसका निघतो. पंधराव्या शतकात युरोपातल्या कारागिरांच्या लक्षात आलं की ओली करून, दाबून, वाळवून तिचे दाणे पाडले तर तीच दारू कित्येक पट जोरात चालते. पदार्थ तेच, प्रमाण तेच, फक्त दाण्यांमध्ये फटी राहिल्या. त्या फटींतून ज्योत क्षणात सगळीकडे धावते. दाण्याचा आकार बदलला की आगीचा वेग बदलतो. तोफेला मोठा दाणा, बंदुकीला बारीक. हे सूत्र लक्षात असू द्या, कारण पुढची चारशे वर्षं माणूस आगीच्या वेगाशीच झटत राहिला.

आणि धूर? काळ्या दारूतून निम्म्याहून जास्त वजनाचे पदार्थ घन राहतात, वायू होतच नाहीत. तेच धूर होऊन बाहेर पडतात आणि नळीत काजळी होऊन बसतात. म्हणून बार काढला की बंदूकवाल्यासमोर पांढरा पडदा उभा राहतो आणि रोही गेला की पडला हे काही वेळ कळतच नाही. म्हणूनच ठासणीची बंदूक वापरून झाली की गरम पाण्यानं धुवावी लागते. ती काजळी हवेतला ओलावा ओढते आणि एका पावसाळ्यात नळी गंजवून टाकते.

या बंदुकीचा गज हाताळायला मिळाला तर त्याच्यावर बारकाईनं नजर टाका. गज म्हणजे बार ठासायची लांब सळई. तिच्यावर बऱ्याचदा दोन खुणा कोरलेल्या असतात. गज रिकाम्या नळीत टाकला की पहिली खूण नळीच्या तोंडाशी येते, भरलेल्या नळीत टाकला की दुसरी. अंधारात, बोटानं चाचपून, बंदूक भरलेली आहे का आणि एकावर एक दोन बार तर भरले गेले नाहीत ना, एवढं त्या दोन रेघा सांगतात. दोन बार भरलेली बंदूक समोरच्याआधी स्वतःच्या मालकाला मारते. किती जणांचे डोळे आणि हात त्या रेघांनी वाचवले असतील!

छऱ्यांकडे पण बघा. शिशाचे इतके गोल, इतके सारखे दाणे कोण बनवतं? साच्यात एकेक ओतत बसलं तर जन्म जाईल. 1782 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल गावच्या विल्यम वॉट्स नावाच्या कारागिरानं पेटंट घेतलं. त्यानं आपल्या घराचे मजले भोकं पाडून वर चढवले, आणि उंचावरून वितळलेलं शिसं चाळणीतून खाली पाण्यात सोडलं. पडता पडता प्रत्येक थेंब आपोआप गोल होतो आणि गोल असतानाच गोठतो. थेंबाला गोल कुणी केलं? कुणीच नाही. द्रवाच्या पृष्ठभागावरचा ताण त्याला कमीत कमी पृष्ठभागात कोंबायला बघतो, आणि कमीत कमी पृष्ठभागाचा आकार म्हणजे गोल. गंमत म्हणजे, त्या कारागिराला घणाचा एक घावही घालावा लागला नाही.

आता ठिणगी. जुन्या तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी दारूला टेकवायची. पुढे गारगोटीची बंदूक आली. दोन्हींत एक खोट होती: आधी नळीच्या बाहेर, कानाशी, भुर्र जाळ व्हायचा, मग क्षणभरानं आतला बार सुटायचा. तेवढा क्षण पक्ष्याला पुरायचा. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्व्ही गावचा पाद्री, अलेक्झांडर फोर्साइथ, पाखरांच्या शिकारीचा भारी शौकीन. जाळ दिसताच बदकं उडून जातात, यानं तो बेजार झाला. त्यानं ठोका बसताच पेटणारे पदार्थ घेतले आणि 1807 मध्ये ठोक्यानं पेटणाऱ्या चापाचं पेटंट काढलं. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. निप्पलवर टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की जाळ थेट आत. पाऊस असो, वारा असो. धुऱ्यावरची आपली ठासणीची बंदूक याच टोपीची. एका पाद्र्याच्या हुकलेल्या बदकांचा वारसा वाशिमच्या खुंटीवर लटकतो आहे.

इथपर्यंत तूर झाली. आता कपाशीकडे वळू, आणि मला वाटतं खरी थक्क करणारी गोष्ट इथंच आहे.

1845-46 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या ख्रिस्टियान शोएनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाचा प्रयोग केला. आख्यायिका अशी, की त्यानं स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल बायकोच्या सुती एप्रनानं पुसलं, एप्रन शेगडीवर वाळत घातला आणि तो भक्कन नाहीसा झाला. आख्यायिका खरी असो वा नसो, कापूस खरा होता. आम्लातून काढून, धुऊन, वाळवलेला तो कापूस दिसायला अगदी साध्या कापसासारखा. तेच तंतू, तोच पांढरा रंग. पण पेटवला की राख नाही, धूर नाही, काहीच मागे राहत नाही!

असं का व्हावं? कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, साखरेच्या कड्यांची लांबच लांब साखळी. आम्लामुळे त्या साखळीला जागोजागी नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे गट येऊन चिकटतात. म्हणजे काळ्या दारूत जळण एका कणात होतं आणि प्राणवायू शेजारच्या कणात. इथं दोन्ही एकाच रेणूत आले. जळणाऱ्याला शेजारी शोधायची गरजच उरली नाही. शिवाय जळून जे होतं ते सगळं वायू.

साहजिकच सगळ्यांना वाटलं, काळी दारू आता इतिहासजमा. पण या कापसाला लगाम नव्हता. तंतूंच्या पोकळीत ज्योत एकदम घुसायची आणि सगळं एकाच वेळी जळायचं. बंदुका फुटल्या, कारखाने उडाले. इंग्लंडमधल्या फॅव्हरशॅमचा कारखाना 1847 मध्ये माणसांसकट उद्ध्वस्त झाला. युरोपात बहुतेकांनी हात टेकले.

उत्तर सापडायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यानं तो कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये मळला. तंतू विरघळले, त्यांची पोकळी गेली आणि कणकेसारखा एकजीव लगदा झाला. तो लाटून, कापून, वाळवला की शिंगासारखे टणक, पारदर्शक तुकडे होतात. आता ज्योतीला आत शिरायला भोकच नाही. ती फक्त पृष्ठभागावरून, एकामागून एक थर खात, आत सरकते. पदार्थ तोच. फक्त त्याचं रूप बदललं, आणि स्फोटाचं रूपांतर जळण्यात झालं. आजही जगातल्या बहुतेक रायफलींच्या काडतुसात हीच सेल्युलोजची दारू असते, आणि ती करायला लाकडाचा लगदा किंवा सरकीची लव वापरतात. जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीवर जी आखूड लव उरते, जिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही, तीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 दरम्यान, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आपण शाळेत शिकतो. तेव्हा गाठी मॅंचेस्टरला जात होत्या, कापडासाठी. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच बोंडाच्या सरकीत बंदुका चालवायची ताकद सापडेल, हे कारंज्याच्या कापूसबाजारात कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

यापुढची युक्ती तर शुद्ध भूमितीची. रायफलीत गोळी नळीतून पुढे सरकते तशी तिच्यामागची जागा वाढत जाते. दाब टिकवायचा तर वायूही वाढत्या वेगानं तयार व्हायला हवा. पण दारूचा दाणा जळता जळता लहान होतो, त्याचा पृष्ठभाग घटतो, म्हणजे वायू कमी कमी होत जाणार. उलटा न्याय! मग काय केलं? दाण्याला आरपार भोक पाडलं. बाहेरचा पृष्ठभाग आक्रसतो, आतलं भोक जळत जळत रुंदावतं, दोन्हींची बेरीज जवळजवळ सारखी राहते. मोठ्या तोफांच्या दाण्यांना तर सात भोकं. तिथं जळण्याबरोबर पृष्ठभाग वाढत जातो, म्हणजे आग पुढे पुढे जास्तच जोर धरते. सगळं मिळून हजारांश सेकंदाच्या आसपास उरकतं, आणि तेवढ्या वेळात कधी किती जळायचं हे त्या इवल्याशा भोकानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

या एका क्षणात रायफलीच्या काडतुसातला दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्या घरात जातो. गाडीच्या टायरात तो हवेच्या दाबाच्या दुपटी-तिपटीहून जास्त नसतो. मग एवढा दाब मागच्या बाजूनं, नेम धरलेल्याच्या डोळ्यात का येत नाही?

कारण पितळ. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. दाब चढताच काडतुसाचं पातळ पितळी कवच फुगतं आणि नळीच्या भिंतीला असं घट्ट चिकटतं की वायूला मागे यायला फटच राहत नाही. आणि दाब उतरताच ते आपल्या लवचिकपणानं केसभर आक्रसतं आणि सहज बाहेर निघतं. पोलाद एवढं छान आक्रसत नाही, तांबं नुसतं फुगून तसंच राहतं. पितळेच्या एका चकतीची आधी वाटी करतात, मग ती टप्प्याटप्प्यानं ओढून लांब करतात, मध्ये मध्ये तापवून मऊ करतात. बूड कडक राहायला हवं, तोंड मऊ. म्हणून कवचाच्या तोंडाजवळचा भाग शेवटी ज्योतीत तापवतात. काही काडतुसांच्या मानेवर निळसर-पिवळी झाक दिसते, ती या तापवण्याचीच.

तापवण्याचं हे शहाणपण अर्धं भारतातल्या पावसाळ्यानं शिकवलं. इंग्रज फौजेनं इथं काडतुसं तबेल्यांत साठवली, आणि पावसाळ्यात त्यांच्या माना आपोआप तडकू लागल्या. कुणी हात लावला नाही, कुठे आपटली नाहीत, तरी तडे! लोक याला ऋतूचा तडा म्हणू लागले. कोडं 1921 मध्ये उलगडलं. ओढून घडवलेल्या पितळेत ताण कोंडलेला राहतो, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवेच्या साथीनं, त्या ताणलेल्या जागा कुरतडतो. हलकं तापवून ताण काढून टाकला की तडा थांबतो. म्हणजे ज्या गोठ्यानं सोरा दिला, त्याच गोठ्याच्या वाफेनं काडतूस मोडलं.

काडतुसं आणि दारू बनवण्याचं हे काम आपल्या राज्यातही होतं, हे किती जणांना माहीत आहे? पुण्याच्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासून आहे. भुसावळजवळ वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसं होतात, भंडाऱ्याच्या जवाहरनगरला दारू आणि स्फोटकं. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. भूमिती, रसायन, पितळ यांबद्दल कितीही हरखून लिहिलं, तरी ते पदार्थ रोज हाताळणारी माणसं कशाच्या शेजारी उभी असतात, हे मी कधी विसरत नाही.

आता परत हाताकडे वळू. काडतूस आलं म्हणून हातानं भरणं संपलं, असं झालं नाही. अमेरिकेत हरणाच्या शिकारीचे आणि कुरणं पोखरणाऱ्या प्रेअरी डॉगच्या मागे असलेले हजारो लोक आजही घरच्या टेबलावर आपली काडतुसं स्वतः भरतात. उडालेलं पितळी कवच जपून ठेवायचं, त्याला पुन्हा मापात आणायचं, नवी टोपी, मोजलेली दारू, नवी गोळी. आपल्याकडे काडतुसं बनवायला शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे वेगळा परवाना लागतो, आणि तो योग्यच आहे, कारण या कामात चूक एकदाच होते. पण ते लोक इतकी उठाठेव करतात कशासाठी? पैसे वाचतात, हे एक. दुसरं कारण भन्नाट आहे.

बार उडाला की पोलादाची नळी कंप पावते. अक्षरशः. तिचं टोक अतिशय बारीक का होईना, पण हलत असतं. गोळी कंपाच्या कुठल्या क्षणी बाहेर पडते यावर तिची दिशा ठरते. प्रत्येक गोळी अगदी त्याच क्षणी बाहेर पडली तर सगळ्या एकाच ठिकाणी लागतात, नाहीतर विखुरतात. आणि तो क्षण बऱ्याच अंशी ठरतो दारूच्या वजनावर. म्हणून ते दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. ग्रेनचा दहावा भाग म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. आपल्या सोनारांच्या एका गुंजेचे साधारण अठरा-एकोणीस भाग केले तर त्यातला एक. दारूचे फक्त चार-पाच दाणे! एवढ्या फरकानंही गोळी किंचित सरकू शकते, आणि हौशी माणसं त्या चार दाण्यांसाठी तासन् तास तराजूसमोर बसतात. मला यात वेडेपणा दिसत नाही. धुऱ्यावरच्या गजाच्या दोन रेघांमागे जी काळजी आहे, तीच इथं तराजूवर आलेली आहे.

नळीतले आटे गोळीला फिरवतात, तो वेगही ऐकण्यासारखा. दहा इंचात एक वेढा देणाऱ्या नळीतून सेकंदाला आठशे मीटरनं निघालेली गोळी सेकंदाला तीन हजारांहून जास्त वेळा स्वतःभोवती फिरत असते. त्या फिरण्यामुळेच तिचं टोक पुढेच राहतं. अशी गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगानं जाते, म्हणून ज्याला लागते त्याला बार ऐकू येण्याआधीच सगळं झालेलं असतं.

आणि एक काडतूस असं आहे, जे हातानं पुन्हा भरताच येत नाही. पॉइंट टू टू. त्याची टोपी वेगळी नसते, पेटणारा मसाला कवचाच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो. एकदा पिन आपटली की कड चेपली, कवच संपलं. ऑलिंपिकची 50 मीटर रायफल याच काडतुसावर चालते. 1 ऑगस्ट 2024 ला शातोरूच्या ऑलिंपिक रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ते याच इवल्या काडतुसांनी. त्याच्या आधी, 2010 मध्ये म्युनिकला, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरण्यात, जगज्जेतेपद मिळवलं, तेही यांवरच. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. ही गोळी मुद्दाम आवाजापेक्षा किंचित हळू ठेवतात. आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते, आणि एवढ्या छोट्या वर्तुळात डळमळणं परवडत नाही.

मग ज्यांना दारू मोजता येत नाही, टोपी बदलता येत नाही, ते नेमबाज काय करतात? ते निवडतात. काडतुसांच्या कारखान्यांनी त्यासाठी चाचणीचे बोगदे बांधलेले असतात. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथं जातो, ती शिकंज्यात घट्ट आवळतात आणि एकेका बॅचची काडतुसं तिच्यातून झाडून बघतात. कारखाना एकच, यंत्र एकच, दारूही त्याच जातीची, तरी एका बॅचच्या गोळ्या एकाच भोकात जातात आणि दुसरीच्या पसरतात. शेजारच्या रायफलीत नेमकं उलटं होतं. जिचं पटतं त्या बॅचची हजारो काडतुसं नेमबाज एकदम विकत घेऊन ठेवतो. ती संपत आली की पुन्हा त्याच बोगद्यात जायचं आणि पहिल्या बॅचपासून सुरुवात करायची.